एका दमात तेहतीस

९ मे

धाकटे,

हॉस्पिटलच्या कारकुनाचा फोन तुला आला असेल. तुझा नंबर मीच त्याला दिला. मी स्वतः लावून काय उपयोग होता? नऊ वर्षांपूर्वी तू माझा आणि बाबांचा, दोघांचेही नंबर तुझ्या फोनवर बंद करून टाकलेस. म्हणून हे पत्र. पोचायला आठ दिवस लागतील म्हणे. लागू देत, बाबांना आता कसली घाई नाही.

ताप चार दिवस होता. मी घरी नव्हते. साथ सुरू झाल्यापासून कॅज्युअल्टीच्या सगळ्या सिस्टरांना समोरच्या वसतिगृहात ठेवलंय, घरी जायची बंदी. बावीस दिवस मी बाबांचं तोंड पाहिलं नव्हतं. गुरुवारी दुपारी ते स्वतःच गाडी करून आले. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. तीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला माणूस, मरायलासुद्धा ऐटीत आला. संध्याकाळी सातला गेले. शांतपणे गेले, त्रास झाला नाही. मी जवळच होते.

एवढंच हवं असेल तर पत्र इथेच मिटव.

तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. विमानं बंद आहेत हे कारण या वेळी तरी खरं आहे. आईच्या वेळी नव्हतं. ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आणि तू तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होतीस. तिची कूस बदला, तिला हे द्या, ते देऊ नका. आणि ती गेल्यावर मला काय म्हणालीस? "तू आईला मुलीसारखं नाही, पेशंटसारखं सांभाळलंस." अगं, पेशंटसारखं सांभाळलं म्हणून दोन वर्षं जगली. मुलीसारखं सांभाळायला तू होतीसच की, समुद्रापलीकडे.

बाबांना कुणालाच शेवटचं बघता आलं नाही. पिशवीत घालतात, चेन ओढतात, नेतात. पिशवीवर नाव मी लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.

ताई

२ जून

धाकटे,

नऊ वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात खुशालीची एक ओळ नाही. नुसते प्रश्न. शिवाय ते माझ्या हातात पडायच्या आधीच तुझी तक्रार मोठ्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर पोचली होती. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने फोटो काढून जगभर पाठवला, तो फिरत फिरत तुझ्यापर्यंत आला. फोटोत ओठ निळे दिसतायत आणि मनगटाला हिरवी पट्टी आहे. ही पट्टी कुणी बांधली, एवढंच तुला हवंय.

आधी ऐक की पट्टी म्हणजे काय. आमच्या दारात मांडव घातलाय. मांडवात एक टेबल, टेबलावर एक सिस्टर. येईल त्याला ती दोन मिनिटं बघते आणि मनगटाला पट्टी बांधते. लाल म्हणजे आत खाटेवर, ऑक्सिजनवर. पिवळी म्हणजे मांडवात गादीवर. हिरवी म्हणजे बाहेर खुर्चीवर, हाक मारेपर्यंत. दिवसाला तीनशे माणूस येतो आणि आत खाटा चाळीस. एक लाल पट्टी बांधायची तर आतल्या कुणाचं तरी काम आटोपावं लागतं. तू तिकडे बसून विचारतेस, "तुम्हाला माणसं दिसत नाहीत का?" दिसतात. तीच तर पंचाईत आहे.

ऑक्सिजन मोजायचे बोटाला लावायचे चिमटे आमच्याकडे नऊ होते. चार बिघडले, तीन लोकांनी बोटाला लावलेलेच घरी नेले, उरलेले दोन आत लागायचे. मग एका सिस्टरने सुचवलं की माणसाला एका दमात मोजायला लावा. पंधराच्या आत थांबला तर लाल, पंचविसाच्या आत पिवळी, पुढे गेला तर हिरवी. मोठ्या डॉक्टरांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून सगळा मांडव आकडे म्हणायला लागला. एक निवृत्त शाळाबाई आल्या, त्यांनी एका दमात तेराचा पाढा म्हणून दाखवला आणि वर मलाच विचारलं, "तेर साती?" हसू नकोस, त्या तिसऱ्या दिवशी गेल्या. चार दिवसांत लोकांना युक्ती कळली. रांगेतला मागचा पुढच्याच्या कानात सांगायचा, सातावर थांब, धाप टाक, आत घेतात. मग आम्ही कुणावरच विश्वास ठेवेनासे झालो. धापा टाकणारा नाटकी वाटायचा आणि सरळ बोलणारा धडधाकट.

टेबलावरच्या नोंदींच्या तक्त्यावर बाबांच्या नावापुढे तेहतीस लिहिलंय. तेहतीस म्हणजे हिरवी. नियमात बसतं. पण आकड्याबरोबर ओठ बघायचे, नखं बघायची, हे आम्ही पोरींना पहिल्या दिवशी शिकवतो. या रोगात माणूस निळा पडेपर्यंत हसत बोलत असतो.

त्या तक्त्यावर वर ड्यूटीवरची सिस्टर म्हणून नाव कुणाचं आहे हे मी सांगायला नको, पण तू पडलीस बहीण. आम्ही तिला चिमणी म्हणतो. तेवीस वर्षांची आहे, नोकरीला सात महिने झाले. काडीसारखी आहे, आवाज बारीक, सलाइन लावताना पेशंटशी गप्पा मारत बसते. मीच तिला हाताखाली घेऊन शिकवलं. तिच्याबद्दल वाईट लिहिताना माझा जीव तुटतो, पण तू विचारलंस म्हणून लिहिलं.

ताई

२४ जून

धाकटे,

तुझ्या तक्रारीवर समिती बसली. मोठे डॉक्टर, मेट्रन आणि बाहेरून आणलेला एक वकील, जो दर दोन वाक्यांनी हाताला सॅनिटायझर चोळतो.

चिमणी काय म्हणाली ऐक. म्हणे, दुपारी दोनला तिला किटमध्येच उलटी झाली. आम्ही पायापासून डोक्यापर्यंत प्लॅस्टिकचं किट घालतो, वर चष्मा, त्यात उलटी झाली की बाहेर पडावंच लागतं. म्हणे ती किट बदलायला गेली, नवं मिळायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ टेबलावर ताई बसल्या होत्या. ताई म्हणजे मी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

टेबल सोडताना दुसरीच्या ताब्यात दिल्याची सही करावी लागते. तशी सही कुठेच नाही. वकिलाने विचारलं, सही का नाही? तर म्हणे, ताई म्हणाल्या सही राहू दे, पळ. मांडवात कुणी मला पाहिलं का, तर सगळ्याच किटमध्ये, कोण कुणाला ओळखणार? किटवर छातीवर नाव लिहायचं मार्कर त्या आठवड्यात संपलं होतं.

मी सांगितलं की मी आत लाल खाटांपाशी होते. मोठ्या डॉक्टरांनी तर तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, "अगं, जरा विचार करून बोल. कोणती मुलगी स्वतःच्या बापाला खुर्चीवर बसवेल?" चिमणीने मान खाली घातली. मला रडू आलं. त्यांनी मला पाणी दिलं.

पण मेट्रन कच्च्या गुरूची चेली नाही. तिला चिमणीचं थोडं खरं वाटतंय. ती म्हणते, नुसत्या तक्त्यावरून पोरीचं आयुष्य कसं उठवायचं, कुणीतरी साक्षीला हवं. साक्षीला कोण असणार? फोटो काढणारी बाई गेली. बाबा गेले.

तेव्हा तुझ्यावर येऊन ठेपतं. तुला न्याय हवाय ना? मग शपथपत्र पाठव. लिही की बाबांनी खुर्चीवरून तुला फोन केला होता, चार मिनिटं बोलले, आणि म्हणाले की टेबलावर बारीक आवाजाची एक काडीसारखी पोर होती, तिने वर न बघता पट्टी बांधली. एवढंच. बाकी काही सजवू नकोस, तुला सजवायची सवय आहे. खोटं लिहायचं कसं, असं म्हणशील. आई गेली तेव्हा नातेवाइकांना काय सांगितलं होतंस? तिकीट काढलं होतं पण ताप आला. मी कुणाला काही बोलले का?

आणि फोन कोण तपासणार? रोज चाळीस पिशव्या चेन लावून जातायत, समितीला फाईल मिटवायची आहे.

ताई

१२ जुलै

धाकटे,

शपथपत्र पोचलं. वकिलाने मोठ्याने वाचलं. "चार मिनिटं" ऐवजी तू "साडेचार मिनिटं" लिहिलंस, ते मला आवडलं. खऱ्या गोष्टीत असाच अर्धा जास्तीचा असतो. "ते मला म्हणाले, बाळ, इथे मला कुणी विचारत नाही," हे वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते ऐकून मेट्रनने डोळे पुसले. बाबा तुला बाळ म्हणायचे हे मी विसरले होते.

चिमणीने आता स्वतःच लिहून दिलंय की त्या दुपारचं मला नीट आठवत नाही, चूक माझी असू शकते. निकाल महिनाभरात लागेल.

तू लिहिलंयस की साथ संपली की येईन, आपण दोघी बाबांच्या खोलीत झोपू. ये. गाद्या उन्हात टाकून ठेवते.

ताई

१० ऑगस्ट

धाकटे,

निकाल लागला. चिमणीला काढलं. नोंदणीही रद्द झाली, म्हणजे यापुढे कुठल्याच हॉस्पिटलात तिला सिस्टर म्हणून उभं करणार नाहीत. काल ती कपाट रिकामं करायला आली होती. मला म्हणाली, "ताई, तुमचे वडील होते. मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं, दुसरीकडे कुठेही लागायला. चांगलं दोन पानी लिहून दिलं. शिकवलेली पोर आहे शेवटी.

मांडवाची प्रमुख म्हणून आता माझं नाव लावलंय.

मी एवढ्यावर थांबणार होते. पण परवा तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, "नऊ वर्षांनी पहिल्यांदा मला शांत झोप लागतेय. बाबांचा तो शेवटचा आवाज माझ्या कानात आहे, ताई. शेवटच्या क्षणी त्यांना मीच आठवले." मी ते चार वेळा वाचलं. मीच बसून तुला फोन रचून दिला, तू त्यावर सही केलीस, आणि आता तू तो ऐकायला लागलीस. बाप मेला माझ्या मांडवात आणि त्याचा शेवटचा आवाज तुझ्या कानात. म्हणून हे लिहितेय. तू गोड झोपलीस, तुझी झोप मला बघवत नाही.

टेबलावर मी होते.

चिमणीला उलटी झाली, मीच म्हटलं, सही राहू दे, पळ. पाऊण तासात मी अकरा जणांना पट्ट्या बांधल्या. सातवे बाबा. किट, चष्मा, दोन मास्क, तरी त्यांनी आवाजावरून ओळखलं. "तूच ना गं?" म्हणाले. मी म्हटलं, "इथे नाती नाहीत, बाबा. एका दमात मोजा." ते हसले. त्यांना वाटलं, मी जुना खेळ खेळतेय.

ती युक्ती सुचवणारी सिस्टर कोण, हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं. आपल्याला भिंतीला पाठ लावून उभं करायचे आणि एका दमात मोजायला लावायचे, आठवतं? तू चाळीसला पोचायचीस. मी एकोणीस. "हिचा दम अपुरा आहे," म्हणाले आणि ट्रम्पेट तुझ्या हातात दिला. मी सात वर्षांची होते. तो अपुरा दम घेऊन मी आईला दोन वर्षं उचललं आणि त्यांना नऊ वर्षं वाढलं, धुतलं, औषधं दिली.

तर ते ताठ बसले, छाती भरून घेतली आणि मोजायला लागले, ओठ निळे, नखं निळी, आवाज खणखणीत. तेहतीसला थांबले. म्हणाले, "पुरे, का अजून हवेत?" मग मनगट पुढे केलं आणि विचारलं, "धाकटीचा काही फोन?"

बावीस दिवसांनी भेटलेल्या मुलीला बापाने विचारलेला हा पहिला प्रश्न.

आत एक लाल खाट तेव्हाच रिकामी झाली होती. मला ते माहीत होतं. आयुष्यभर फुंकणाऱ्या माणसाचा दम मोजण्यात काही अर्थ नाही, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हिरवी पट्टी बांधली आणि म्हटलं, "खुर्चीवर बसा. हाक मारतील."

मला त्यांना मारायचं नव्हतं, धाकटे. मला त्यांना ताटकळत ठेवायचं होतं. तासभर, फार तर दोन. मग मीच जाऊन त्यांना आत नेणार होते आणि त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छा होती की तू होतीस म्हणून. इतकंसं हवं होतं. नंतर मी कामात बुडाले, असं समितीत सांगता आलं असतं, पण तेही खोटं आहे. दोनदा मी त्यांच्यासमोरून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, पुन्हा तुझंच विचारतील. मी पुढे गेले. सातला झाडणारी बाई आत येऊन म्हणाली, "सिस्टर, ते आजोबा उठत नाहीयेत."

चिमणीचंही सांगून टाकते. निकालाआधी ती मला बाथरूममध्ये गाठून म्हणाली, "ताई, तुम्ही बसला होतात ना? मी किट बदलायला गेले होते ना?" मी तिचे हात धरून म्हटलं, "तू उलटी करून तशीच बसून राहिलीस, बाळा. तुला गरगरत होतं, तुला आठवणार नाही." तिने हात सोडवून तोंड धुतलं. मग म्हणाली, "असेल. तुम्ही कशाला खोटं बोलाल." आणि जाऊन लिहून दिलं. एका पोरीला तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं विसरायला लावणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, भांडेल.

आता तुझ्या वाट्याचं. बाबांच्या वस्तू मलाच मिळाल्या. चष्मा, रुमाल, फोन. फोन मी वसतिगृहात नेऊन उघडला. दुपारी तीन ते सहा, सात वेळा तुझा नंबर लावलाय. सातही वेळा लागला नाही, कारण तू त्यांचा नंबर बंद करून ठेवला होतास. मी वीस पावलांवर होते. मला एकदाही लावला नाही. तेव्हा झोपताना कानात काही ऐकायचंच असेल तर ते ऐक. त्यांना शेवटी तूच आठवलीस, हे तू बरोबर लिहिलंयस.

फोन माझ्याकडे आहे, जपून ठेवलाय. समितीने मागितला तर देईन. मग त्यांना दिसेल की साडेचार मिनिटांचं बोलणं कधी झालंच नाही, बाळ असं कुणी म्हटलंच नाही, आणि तू शपथेवर खोटं लिहून एका निरपराध पोरीला घरी बसवलंस. तो कागद तुझ्या सहीचा आहे. माझ्या सहीचा एकही कागद त्या फाईलमध्ये नाही. आहेत ती फक्त तुझ्याकडची ही पत्रं.

हे पत्र दाखवलंस तर चिमणीची नोंदणी परत मिळेल. ती अजून रोज सकाळी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत येते आणि परत जाते, पहारेकरी सांगत होता. दाखवलंस तर मी आत जाईन, आणि तू त्या पोरीसमोर उभी राहून सांगशील की बाप सात वेळा हाक मारत होता आणि मी कान बंद करून बसले होते, आणि नंतर त्याच्या तोंडी शब्द घातले. मी नाही म्हणणार नाही. मला विचारतील तेवढं सगळं खरं सांगेन.

नाहीतर पत्र फाडून टाक आणि ये. गाद्या तयार आहेत. तू काय करशील याची मला काळजी नाही. शेवटी सख्ख्या बहिणी आहोत आपण.

ताई